भुताच्या डोक्यावर प्रेमकथा

यजमानांची बदली जयपूरला झाली, तेव्हा तिथल्या 'चौडा रास्ता' बाजारात एक भरघोस मिशांचा पुस्तकवाला होता. भुताची नवी कादंबरी तो भीतीने तोंड फिरवून चिमटीत धरायचा आणि वर एक प्रेमकथा ठेवूनच गिऱ्हाइकाला द्यायचा.

दिवाळीच्या सुट्टीसाठी मला फक्त भूत हवं होतं. तो हटेना. "अकेला भूत नहीं दूँगा, बहनजी! ऊपर मोहब्बत रखो, दबा रहेगा."

शेवटी मी दोन्ही घेतली. आठवड्याने मोडक्या हिंदीत तक्रार केली, "भैया, आपका भूत तो गरीब निकला! घाबराया तो प्रेमकथा के सासू ने!"

गल्ल्यावर त्याची सासूच बसली होती, दुकानही तिचंच. तिकडे चोरून बघत तो कुजबुजला, "बहनजी, भूत दिन में तो छुट्टी देता है!"