मागच्या चटईवरचे शेजारी

न दिसणाऱ्यांची इतकी अदब राखणारा माणूस अख्ख्या बीडमध्ये दुसरा नसेल, आणि तोच माझा घरमालक निघावा हे माझं नशीब. गल्ली त्यांना चाचा म्हणते. हयातभर त्यांनी गाद्या-रजया भरल्या. स्वतःच्या रिकाम्या घरात शिरतानाही चाचा आधी खाकरतात, मग सलाम करतात, उत्तर ऐकल्यासारखी मान हलवतात आणि मगच चप्पल काढतात. मोरीत गरम पाणी ओतायच्या आधी “हटा बाबांनो, भाजंल” असं बजावून थांबतात. एकदा फारच वेळ थांबले म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, “म्हातारं हाय एक. उठायला टाइम लागतो त्याला.” हाच माणूस जिवंत लोकांवर मात्र असा खेकसतो, की दूधवाला पिशवी कडीला अडकवून पळतो.

मी इकडचा नाही. गाव भंडाऱ्याकडं. आठवीत शाळा सुटली आणि वेल्डिंगचं काम शिकत शिकत इथवर आलो. ग्रिलच्या दुकानात लोखंडी पट्ट्यांच्या शेजारी झोपत होतो, तर मालकानं सांगितलं, नवी मशीन येतेय, आता दुसरीकडं बघ. परक्या गावात एकट्या पोराला कोण खोली देतं? जिथं जावं तिथं लग्न झालंय का, ओळखीचं कोण, हेच. अशात कुणीतरी चाचांचं नाव सांगितलं. वेशीपाशी पत्ता विचारला तर रिक्षावाले हसायलाच लागले. “खोली पायजे व्हय बे? अभ्यास करून जा. तिथं आधारकार्ड चालत न्हाई, परीक्षा घेतेत!”

मला वाटलं, थट्टा असेल. पण चाचांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि खोलीची कडी न काढता रुमाल माझ्या हातात दिला. “डोक्याला बांध. चल.” जाताना सगळं समजावून सांगितलं. गावकोटाच्या आतला जुना मदरसा आणि चाचांची भाड्यानं द्यायची खोली, दोहोंत भिंत एकच. शिकणारी पोरं कधीच नव्या इमारतीत गेली. पण मोठ्या दालनातली शेवटची चटई आजही रोज सकाळी अंथरतात, आणि तिच्यावर कुणी बसत नाही. तिथं जिन्नात, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव, शिकतात, असं पहिल्यापासून मानतात. जुने उस्ताद धडा संपला की त्या रिकाम्या चटईकडं बघून विचारायचे, “समजलं का?” आणि जरा थांबून पुस्तक मिटायचे. “माझं भाडेकरूशी जमो न जमो,” चाचा म्हणाले, “त्यांच्याशी जमलं पायजे. अभ्यासाची पोरं हायेत. मागं एक तलाठी आलता. आत बसून मोबाईलवर बोलला. नापास!”

“अन् त्यांना मी पसंत न्हाई पडलो तर?”

“तर कावून ऱ्हायचं तिथं? तुला झोप लागंल व्हय?”

मदरसा सांभाळणाऱ्या मौलानांनी चाचांना बघून, हे नेहमीचंच, अशी मान हलवली. पाय धुऊन मी आत गेलो. बाहेर भर दुपारचं ऊन, आणि आत रांजणातल्यासारखा गारवा. कमानीमागं कमान, त्यामागं अंधार. चाचांनी शेवटच्या चटईच्या पुढं दुसरी एक चटई टाकली आणि मागच्या चटईकडं पाठ करून मला बसवलं. “मागं बघायचं न्हाई,” एवढं सांगून ते दाराशी गेले.

बाहेरची गाढवं, भोंगे, भांडणं, सगळं एकाएकी पुसल्यासारखं झालं. पंखा नव्हता, वारा नव्हता, तरी मागं पान उलटल्याचा आवाज आला. मग दुसरं. अत्तराचा बारीक वास आला. पळालो असतो, पण पळून जायचं कुठं? दुकानातलं अंथरूण गुंडाळून ठेवलं होतं. मग माझ्या चटईची कड, अगदी मांडीजवळ, दबली. कुणीतरी टेकलं की दबते तशी. आणि एसटीत जन्म गेलेल्या माणसाची खोड ती, बघितलंसुद्धा नाही, सरकलो आणि तोंडातून निघून गेलं, “बसा, बसा.”

दारातून चाचांचा आवाज आला, “बास! पास!”

पास हा शब्द माझ्यासाठी कुणी किती वर्षांनी वापरला होता. संध्याकाळी खोलीतून मायला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, “शेजार कसा हाय बाप्पा?” मी भिंतीकडं बघून म्हणालो, “शांत हाय माय. समदे शिकलेले.” माय खूश झाली. “मंग बसत जा त्यायच्यात. दोन अक्षरं पडतीन कानावर.”

आता चाचांना मदरशाच्या पायऱ्या झेपत नाहीत. दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, मी त्यांना दाराबाहेर ओट्यावर बसवतो, आत जाऊन त्यांच्या वतीनं सलाम करून येतो. परवा आलो तर म्हणाले, “समदे हायेत?”

“हायेत.”

चाचा काठीचं टोक जमिनीवर फिरवत राहिले. मग लहान पोरासारखं विचारलं, “माझं इचारलं काय रे कुणी?”

“इचारलं. म्हणाले, चाचा कावून दिसत न्हाईत?”

त्यांचा चेहरा उजळला. दाराकडं तोंड करून म्हणाले, “जा, सांग त्यांना. येतो म्हणावं. आता लई दिवस न्हाईत.”

मी परत आत गेलो. कमानीखाली उभा राहिलो. पानांचा आवाज थांबला होता, सगळे ऐकत असल्यासारखा. निरोप तोंडावर आला होता, पण तो काही मी दिला नाही. हात जोडले आणि हळूच म्हणालो, “चाचांना एवढ्यात नका नेऊ. मला या गावात दुसरं कुणी नाही.”