परीक्षेआधीच साफ झालेली मुशी

"बाय, घरी कोन बालंत झाली?"

अर्नाळ्याहून वसईला निघालेल्या एसटीत मी नुकतीच टेकले होते. शेजारी हिराबाय बसली होती. तिच्याकडूनच मी तासाभरापूर्वी बंदरावर मुशी घेतली होती, आणि आता तीही उरलेली मासळी घेऊन वसईच्या बाजाराला निघाली होती. मुशी म्हणजे हातभर लांबीचा छोटा शार्क. माझ्या पायाशी मुशीची टोपली होती, शिगोशीग भरलेली.

मुलांनो, आपल्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचं कालवण देतात. मुशी घेऊन जाणारी बाई दिसली की घरात बाळ आलंय हे लोक गृहीत धरतात. तुमच्या टोरांटोत कोणी डायपरचा खोका नेताना दिसावं, तसं.

खरं म्हणजे बाळ वगैरे कुठेच नव्हतं. मी कॉलेजात झूलॉजी शिकवत होते. त्या दिवशी बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल परीक्षा होती, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याने एक मुशी कापून आतली रचना उलगडून दाखवायची. माल पुरवणाऱ्याने आयत्या वेळी हात वर केले. मी नवी, टेम्पररी. आमचे हेड म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही इथल्या. मुशी आणा. प्रॅक्टिकल रद्द झालं तर तुमची कायमची ऑर्डर मी कुठल्या तोंडाने मागू?"

"कोणी बाळंत नाही हो," मी हिराबायला म्हटलं. "कॉलेजात मुंबईहून साहेब येणार आहेत, त्यांच्यासाठी..."

"लाजते कशाला?" ती म्हणाली. "टोपलीभर मुशी एका साहेबाला? त्याला काय दूध येवाचं हाय?"

बस खदखदली. मागच्या सीटवरच्या, गिरीज गावच्या आजीने पुढे वाकून टोपलीत पाहिलं. "एका बाळंतिणीला एवढी लागत नाही. जुळी झाली असणार."

"मुलगा-मुलगी?" कोणीतरी विचारलं.

मला इतकं हसू आलं की बोलताच येईना. आणि हसणं म्हणजे होकार, असा त्या बसचा नियम होता. कंडक्टर टोपलीचं तिकीट फाडायला आला, तर हिराबाय त्याच्यावर डाफरली. "बालंतिनीच्या मालाला तिकीट लावतो? तुझी आय काय भाजी खाऊन उठली व्हती?" त्याने मुकाट्याने पंच खिशात टाकला. मी तर जुळ्यांची नावंही ठरवायला घेतली होती. सकाळची हवा, दोन्हीकडे केळीच्या वाड्या, आणि मोहीम फत्ते. माझं डोकं पिसासारखं हलकं झालं होतं.

गिरीजच्या अलीकडे टायर बसला.

सगळे उतरून चिंचेखाली बसले. उशीर होणार, हे कॉलेजला कळवायला हवं होतं. जवळच्या चर्चमध्ये फादरांकडे फोन होता. "टोपली बघा हं," एवढंच हिराबायला सांगून मी निघाले. लाइन काही केल्या लागेना. लागली तेव्हा हेड म्हणाले, "मुंबईचे परीक्षक आलेत. मुशी मिळाली ना? वा!"

परत आले तर चिंचेखाली कावळ्यांचा मेळा भरला होता. हिराबाय कोयती पुसत होती. टोपलीत केळीच्या पानावर सोललेले, स्वच्छ, गुलाबी तुकडे.

"झाला तुझा काम," ती म्हणाली. "मुशीची कातडी म्हंजे पालिसपेपर. जुल्यांच्या घरात कोनाला येल हाय घासाला? पैसं नको."

मी कॉलेज, परीक्षा, माझी नोकरी, सगळं एका दमात सांगितलं. हिराबायने कोयती खाली ठेवली.

"पोरं कापनार? आन खानार नाय?"

"खाणार नाहीत. अख्खी हवी होती. पोट, आतडी, सगळं."

"ता कावल्यांनी नेला," ती हळूच म्हणाली. मग एकदम उठली. "आन डोकी? डोकी हायत! कालवनाला येगली ठेवलीत."

दुसऱ्या पानात सगळी डोकी होती, कल्ल्यांसकट, डोळे चकाकत असलेली. मी त्या भर रस्त्यात तिला मिठी मारली.

कारण सांगते. मुशीचे मज्जातंतू हा आमच्या परीक्षेतला सर्वांत अवघड प्रश्न. मेंदूतून निघून ते डोळ्यांकडे, जबड्याकडे, कल्ल्यांकडे जातात, आणि ते दाखवायला फक्त डोकं लागतं. एरवी विद्यार्थी चिठ्ठी उचलत. कोणाला पोट, कोणाला मज्जातंतू.

एक्स्टर्नल, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आलेले परीक्षक, जाड चष्म्याचे आणि कडक होते. त्यांनी ट्रेमधली डोकी पाहिली.

"धड कुठे आहे?"

"सर, कँटीनमध्ये."

"तिथे कशाला?"

"तुमच्या जेवणासाठी, सर. आज चिठ्ठ्या नकोत. सगळ्यांना मज्जातंतूच देऊ या."

हेडनी डोळे मिटून घेतले. एक्स्टर्नलनी चष्मा काढला, पुसला आणि घातला. "अवघडच प्रश्न सगळ्यांना? वा. असं कॉलेज मी पाहिलं नव्हतं."

वर्गाने एका सुरात "मॅडम!" म्हणून टाहो फोडला. पण हेडनी वर्षभर तेच घोटून घेतलं होतं. मुलांनी केलं, आणि बरं केलं. जेवताना एक्स्टर्नलनी दोनदा कालवण मागून घेतलं. त्याचा मार्कांशी संबंध नव्हता. मार्क आधीच भरून झाले होते. माझी ऑर्डर सुट्टीनंतर आली.

प्रवासात बरोबर काय आहे आणि कशासाठी, ते पहिल्याच वाक्यात नीट सांगून टाकावं. नंतर हसावं.

पुढच्या वर्षी तुमची आई जन्मली. जुळी नव्हे, एकटीच. बातमी अर्नाळ्याला कशी पोचली देव जाणे. तिसऱ्या दिवशी हिराबाय सांडोरला आमच्या दारात हजर. डोक्यावर टोपली, टोपलीत मुशी. माझ्या सासूबाईंनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. एकाही मुशीला कोयती लागलेली नव्हती.

हिराबाय माझ्याकडे बघून ऐटीत म्हणाली, "तुला अख्खीच लागते ना?"