ताटलीआडचा आवाज

ऐका हो ऐका! तमाम वाचकांनी हातातला चहा खाली ठेवावा, मोबाइल उलटा करावा आणि सावरून बसावं. नांदुऱ्याच्या शैक्षणिक इतिहासातली एक अत्यंत गंभीर बाब मी आज जाहीर करतो आहे. आमच्या इंग्रजी शाळेत पहिली 'ब'च्या बाई तोंडापुढे स्टीलची ताटली धरून शिकवायच्या.

साधी, पोहे खायची ताटली. ती नाकापर्यंत वर धरायची, वर दोन हसरे डोळे, आणि आडून आवाज यायचा, "पाहू नका, आयका!"

मी पहिली 'अ'चा मास्तर. मधे एकच भिंत, तीही पातळ. माझी मिशी, माझा खर्जातला आवाज, स्नेहसंमेलनातल्या माझ्या भूमिका यांविषयी मी स्वतः काय सांगावं? गावाला विचारा. मी कविता शिकवायला लागलो की पोरं माझ्या तोंडाकडे टक लावून बघत. आणि शेजारी ही बाई, तोंड झाकून!

इंग्रजीत दोन 'व' असतात. एकात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. आमच्या घराघरांतल्या वऱ्हाडी कानाला दोन्ही सारखेच. ओठ दिसले की पोरं पटकन ओळखतात, ताटली आली की गोंधळतात. बाई ताटलीआडून एकेक 'व' म्हणायच्या आणि पोरं कान टवकारून, हात वर करून सांगायची, कुठला ते. चुकली तर बाई खुश. "चुकला? वा रे पठ्ठ्या! म्हंजे कान जागा होऊन राह्यला."

शाळेच्या भिंतीवर 'फक्त इंग्रजीत बोला' अशी पाटी. तिच्याखालीच बाई विचारायच्या, "भाकरीतला भ कोन खाल्ला? काय राह्यलं?" "आकरी!" वर्ग ओरडायचा. मग हाच खेळ इंग्रजी शब्दांचा. मुख्याध्यापकांना त्या तासापुरतं कमी ऐकू येत असे.

एकदा मी न राहवून म्हटलं, "बाई, एवढं सुंदर इंग्रजी तोंड लपवून कशाला?"

"सर, पुस्तकाले तोंड असते का?" त्या म्हणाल्या आणि ताटलीत पोहे घेऊन खायला बसल्या. मलाही दिले. पोहेसुद्धा चांगले होते, याचा मला वेगळा राग आला.

तर मत्सर. तुम्हीही नोकरी करता, तुम्हाला समजेल. पालक माझ्याकडे यायचे, मान तुकवायचे, आणि म्हणायचे, "सर, आमच्या पोट्टीले तेवढं 'ब'मधे टाका ना." दिवाळीपर्यंत 'ब'ची पोरं स्टेशनरोडवरच्या दुकानांच्या इंग्रजी पाट्या वाचत हिंडू लागली. एक चिमुरडं औषधाच्या दुकानापुढे अडून बसलं होतं, पूर्ण पाटी वाचल्याशिवाय हलेना.

घरातही फितुरी होती. आमची चिमी माझ्याच वर्गात. बायको रोज म्हणायची, "अहो, तिले बाईकडं टाका."

"घरात एवढा मोठा मास्तर असताना?"

"त्याच्यासाठीच म्हनून राह्यले."

मी चिमीला हाक मारली. तिने पुस्तक उघडून धडा असा काही म्हटला, की माझाच हात, माझीच मान, माझाच खर्ज! मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

मग आम्ही शेगावला निघालो. गाडीत मी बिस्किटाचा पुडा चिमीपुढे धरला. "वाच बरं, बेटा." सोपा शब्द होता, धड्यात नसलेला. चिमीने पुड्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मी नकळत ओठ जरासे हलवले, आणि तिने लगेच शब्द सांगितला.

पुन्हा दुसरा शब्द. पुन्हा तिचे डोळे माझ्या मिशीखाली.

माझा सबंध वर्ग पुस्तक हातात धरून मला वाचत होता, हे तेव्हा समजलं. बायकोने पुडा फोडला आणि एक बिस्किट मला दिलं.

चिमी 'ब'मध्ये गेली. होळीच्या सुमारास ती आपली आपण वाचू लागली. मी आनंदलो, आणि जळफळलो. कारण आता घरात मी काही सांगायला तोंड उघडलं की ती स्वयंपाकघरातून ताटली आणून माझ्या तोंडापुढे धरायची. "आता बोला, बाबा." एवढी मिशी जोपासली ती याकरता?

त्यानंतर संस्थेने दुसरबीडला नवी शाखा काढली. पहिलीचा एक शिक्षक तिकडे पाठवायचा होता. बैठकीत सगळ्यांनी एका आवाजात बाईंचं नाव घेतलं. मला नांदुरा सोडायचं नव्हतंच. पण कोणी नुसतं विचारायला तर हवं होतं! जाण्यासाठीसुद्धा बाईच.

निरोप समारंभाचं सूत्रसंचालन अर्थातच माझं. मी असा बोललो, की मागच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. बाई मात्र खाली बघून हसत होत्या, मांडीवर ती ताटली. आवाज बसल्यासारखा झाला म्हणून मी थांबलो, तो अभिनय होता असं लोक अजून समजतात. माझ्या शेजारच्या वर्गात उद्यापासून सामसूम असणार होती, आणि मी जळायचं कोणावर?

"आता विद्यार्थ्यांतर्फे दोन शब्द," मी म्हटलं, आणि बापाच्या अभिमानाने चिमीच्या हाती माईक दिला.

चिमीने बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं हुंदका देत ओरडली,

"बाई, तुमी नका जाऊ ना! आमच्या बाबाले पाठवा दुसरबीडले!"