पुसलेली पानं

आमच्या वन्संच्या झाडांची पानं खालच्या बाईंनी साबणाच्या पाण्याने पुसली, ही गोष्ट मी ज्यांना ज्यांना सांगितली ते आधी हसले. म्हणून आता लिहूनच काढते. लिहिताना मध्ये कोणी हसत नाही.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी जन्मभर कवळ्या केल्या. माणूस भेटला की आधी त्याच्या तोंडात बघायचं, ही सवय. एकदा त्यांना स्थळ आलं होतं. मुलगा चहा पिऊन गेल्यावर सगळे यांच्या तोंडाकडे बघत बसले. या म्हणाल्या, "माणूस बरा आहे, पण चावा सरळ नाही." पुढे कोणी स्थळ आणलं नाही आणि यांनीही कधी विषय काढला नाही.

यजमान गेल्यापासून आम्ही दोघी तिसऱ्या मजल्यावर एकत्र राहतो. आमच्या खोल्यांसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे, भर दुपारीही दिवा लावावा लागतो. उजेड काय तो दाराबाहेर, जिन्याच्या खिडकीत. तिथे वन्संची मेक्सिकन बटरवर्ट नावाची झाडं असत. काम सुटल्यावर कोणीतरी एक रोप दिलं, त्याची यांनी खिडकीभर केली. तळहातात मावेल एवढं झाड, कुंडीला चिकटून पसरलेली जाडसर पानं. बोट लावलं तर लोण्याचा हात लागल्यासारखं वाटतं. त्या चिकट पानावर चिलट बसलं की उठत नाही, पान त्याला हळूहळू जिरवतं. नळाचं पाणी या झाडांना सोसत नाही, म्हणून वन्सं पावसाचं पाणी बाटल्यांत भरून ठेवतात. ते संपलं की गॅरेजमधून बॅटरीत घालायचं पाणी आणतात. थंडीत पानं बारीक आणि घट्ट होतात, झाड मेलं की काय असं वाटतं. तेव्हा त्याला अगदी कोरडं ठेवायचं असतं. मग एका सकाळी केसाएवढ्या दांड्यावर जांभळं फूल उभं असतं.

गेल्या वर्षी जिन्यात चिलटं फार झाली. कुठून आली ते उघड होतं. तळमजल्यावर राहणाऱ्या, आमच्या इमारतीच्या अध्यक्षांच्या बायकोने लिफ्टपाशी मोठमोठ्या कुंड्या मांडल्या आहेत. त्यांत बाई सकाळ-संध्याकाळ पाणी ओततात, मातीचा कायम चिखल. मी तसं सांगितलंही. त्यावर अध्यक्ष स्वतः वर आले, चष्मा लावून आमच्या खिडकीवर वाकले. पानं चिलटांनी काळी झाली होती.

"हा बघा कारखाना," ते म्हणाले.

"अहो, ती अडकलेली आहेत," वन्सं म्हणाल्या.

"अडकलेली कसली? इथेच जन्मलेली."

"कसायाच्या दुकानात बकरे जन्मतात का?"

अध्यक्ष सगळे दात दाखवून हसले आणि खाली गेले. ती कवळी वन्संनीच केलेली. "माझेच दात माझ्यावर विचकून गेला," त्या दार लावताना म्हणाल्या.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. परत आलो तर अध्यक्षांची बायको खिडकीपाशी, हातात ओलं फडकं, पायाशी बादली. एकेक पान घासूनपुसून झालं होतं.

"किती घाण बसली होती हो," त्या म्हणाल्या. "हे म्हणत होते फेकून द्या. म्हटलं, बिचाऱ्या म्हाताऱ्या, त्यापेक्षा स्वच्छ करून द्यावीत. बघा आता कशी दिसतात."

तुटलेली पानं बादलीत फेसावर तरंगत होती. वन्संनी घरातून चिमटा आणला आणि खाली बसून पानं वेचायला लागल्या. मी बोलले. शाळेत नन्सनी आम्हाला शिकवलं होतं की राग आला तर आधी दहा अंक मोजा. मी दहा मोजले आणि मग बोलले.

"तुमच्या घरात न विचारता शिरून मी तुमच्या उशा धुतल्या तर चालेल का?"

"तुम्हाला कोणी चांगलं केलेलं कळतच नाही," असं म्हणून बाई बादली उचलून गेल्या.

आमच्या कुंड्यांतली झाडं मधोमध कुजली, एकही वाचलं नाही. शिवाय सूचना लागली की जिन्याच्या खिडकीत कोणी काही ठेवू नये. वन्संनी वेचलेली पानं पावसाच्या पाण्यात धुऊन ओल्या वाळूवर ठेवली, वर कामाच्या टेबलावरचा जुना दिवा. पान बुडापासून अख्खं निघालं असेल तर त्याच्या बुडाशी नवं रोप येतं. बहुतेक सडली. काहींना डाळीएवढी रोपं फुटली खरी, पण पांढुरकी, आणि चिकटपणा नाहीच.

"या दिव्यावर नाही जगणार," वन्सं म्हणाल्या. "यांना खिडकीच पाहिजे."

मग एका सकाळी अध्यक्ष तोंडावर रुमाल धरून दारात उभे. कवळीचे दोन तुकडे झाले होते आणि संध्याकाळी इमारतीची वार्षिक सभा होती. बोळक्या तोंडातून शब्द नीट फुटत नव्हते. वन्संनी तुकडे दिव्याखाली धरले आणि म्हणाल्या, "होईल. संध्याकाळी या."

मी स्वयंपाकघरात दातओठ खात होते. "वन्सं, तुम्हाला काही वाटतं की नाही?"

"वहिनी, आधी काम तर होऊ दे."

संध्याकाळी अध्यक्ष आले. कवळी टेबलावर वाडग्यात, पाण्यात ठेवली होती.

"पुसून स्वच्छ करून ठेवली आहे," वन्सं म्हणाल्या. "बाईंना वर पाठवा, त्यांच्या हाती देते."

रुमालामागून काहीतरी आलं. मीच नेतो, असं असावं.

"नाही. त्यांच्याच हाती."

बाई आल्या. वन्संनी त्यांना वाळूतली रोपं दाखवली. "ही ज्यांच्या पानांतून आली, ती झाडं तुम्ही पुसलीत."

"मी चांगल्या मनाने..."

"मनाचं मी विचारलं नाही. हाताचं बोला."

खाली खुर्च्या सरकत होत्या, कोणीतरी अध्यक्षांना हाका मारत होतं. बाईंनी वाडग्याकडे पाहिलं. "बरं, चुकलं म्हणते मी. झालं?"

"आणि खिडकी?"

"घ्या तुमची खिडकी."

वन्संनी वाडगा दिला. सभा संपायच्या आत वाळूचा ट्रे खिडकीत गेला. आता पानं हिरवी झाली आहेत, बोटाला लोणी लागतं, आणि परवा पहिलं चिलट अडकलं. खालच्या कुंड्यांत चिखल आहे तो आहेच.

"चुकलं म्हणते मी" ही काही माफी नव्हे. वन्सं म्हणतात, वहिनी, सोडा आता. मी सोडलेलं नाही. जिन्यात बादलीचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून बाहेर येते आणि खिडकीला पाठ लावून उभी राहते.