राघवेंद्रसरांची माघार

राघवेंद्रसर लातूरच्या एका कॉलेजात आम्हाला अकरावी-बारावीला मराठी शिकवायचे. एकेका शब्दावर अख्खा तास घालवायचे. ‘माघार’ त्यांचा लाडका. “उमेदवार घेतो ती माघार. बाजारातून घरी परतणं म्हणजे माघारी येणं. ‘माझ्या माघारी’ म्हणजे मी नसताना. म्हातारी माणसं म्हणतात तेव्हा, मी गेल्यावर. आणि सासरहून चार दिवस आलेली लेक, ती माघारीण.”

भूकंपाच्या वर्षी स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सिद्धलिंगसरांनी नोकरी सोडली. ते भौतिकशास्त्राचे, त्यांच्या तासाला दुसऱ्या वर्गातली पोरं खिडकीशी उभी राहायची. औसा तालुक्यातलं त्यांचं गाव भुईसपाट झालं होतं. तीन महिने ते तिकडंच राहिले आणि आल्यावर राजीनामा दिला.

“माघार घेतली त्यानं. पळपुटा निघाला,” राघवेंद्रसर स्टाफरूममध्ये म्हणाले. खूप वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, त्यांनी मला सांगितलं की तेव्हा मनातून त्यांना बरं वाटलं होतं.

ते बरं वाटणं टिकलं नाही. सिद्धलिंगसरांनी भाड्याच्या खोलीत भूकंपग्रस्त गावांतली अकरा पोरं शिकवायला घेतली. नऊ वर्षांत त्या खोलीची तीन मजली इमारत झाली. मेडिकलला लागलेल्या पोरांचे फोटो चौकातल्या फलकावर झळकायला लागले. राघवेंद्रसर तो चौक टाळून मागच्या गल्लीनं कॉलेजला जाऊ लागले. इकडं मराठीच्या तासाला पोरं हजेरीपुरती येत, कारण मेडिकलला ते गुण कुणी विचारत नव्हतं.

“मला त्याची इमारत नको होती,” सर म्हणाले. “पोरं त्याच्याकडं ज्या नजरेनं बघायची, ती पाहिजे होती.”

त्यांची मुलगी उर्वी दहावी झाली. सिद्धलिंगसरांचा क्लास घरापासून सायकलवर दहा मिनिटं. तिला तिथंच जायचं होतं. “तो बाजार आहे,” म्हणून सरांनी तिला नांदेडला हॉस्टेलवर ठेवलं. “घराजवळचं सोडून एवढ्या लांब कशाला?” त्यांच्या पत्नी इंदूताईंनी विचारलं. “तिथं शिस्त आहे,” सर म्हणाले. खरं कारण बायकोलाही सांगण्यासारखं नव्हतं.

दिवाळीनंतर उर्वीला कावीळ झाली. सर तिला एस.टी.नं घेऊन आले. महिनाभर ती अंथरुणावर होती. उठून बसायला लागली तेव्हा म्हणाली, “बाबा, मी नांदेडला जाणार नाही. तुम्हाला सिद्धलिंगसर सहन होत नाहीत, त्यात माझं काय चुकलं?”

आपलं मन पोरीला कधीच कळलंय, हे सरांना त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवशी ते क्लासवर गेले आणि पालकांच्या बाकावर पाऊण तास बसले. सिद्धलिंगसर कशासाठी तरी बाहेर आले आणि थबकले.

“सर, तुम्ही? आत निरोप द्यायचा की.”

“उर्वीला घेशील का? निम्मं वर्ष बुडालंय.”

“उद्यापासून धाडा. बुडालेलं मी बघतो.”

राघवेंद्रसरांना तेवढ्यावर उठता आलं असतं. ते उठले नाहीत. “तू नोकरी सोडलीस तेव्हा मी तुला पळपुटा म्हणालो होतो.”

“ठाव हाय मला.” सिद्धलिंगसर त्यांच्या शेजारी बसले. “खोटं न्हाई सर ते. आमच्या गावच्या तीन पोरी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायच्या. विसर्जनाला गावी गेल्या, त्या रात्री तिथंच ढिगाऱ्याखाली राहिल्या. त्या बाकाकडं बघून शिकवणं होईना, म्हणून पळालो.”

त्या तिघी राघवेंद्रसरांच्याही वर्गात बसत. रिकाम्या बाकावर त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात दुसरी पोरं बसवली होती.

तरीही मत्सर गेला नाही, हे सरांनी मला न लपवता सांगितलं. जेवताना उर्वीचं “सर म्हणाले”, “सरांनी सांगितलं” सुरू झालं की ते पाणी पिऊन ताटावरून उठायचे. तिला मेडिकल मिळालं नाही, पण परभणीला पशुवैद्यकीयला नंबर लागला. त्या दिवशी पेढे घेऊन ती आधी क्लासवर गेली, मग घरी आली.

“पेढा खाल्ला मी,” सर म्हणाले, “पण गोड लागला नाही. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?”