मातल्लाच्या वाडग्यातल्या शेळ्या

मातल्ला चालायचा तेव्हा शेळ्या त्याच्या मागे असायच्या. दुसरे लोक कळप पुढे घालतात, काठी आपटतात, ओरडून घसा कोरडा करतात. मातल्ला नुसता चालू लागायचा. काटेरी कुंपणाचं वाडगं उघडायचं आणि धुळीचा एक ओढा त्याच्या पाठीमागून वाळूच्या टेकडीकडे वाहू लागायचा. पन्नाशी ओलांडलेला, वाळक्या बाभळीसारखा माणूस, पण पाठ अशी ताठ की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हा कुणी मोठ्या तंबूचा मालक आपली दौलत चारायला निघालाय.

तसं वाटावं हीच त्याची इच्छा होती.

"माझी काळी व्यायली," तो विहिरीवर सांगायचा. "माझ्या बोकडाला यंदा मस्ती आलीय." आम्ही मान डोलवायचो. आमच्या वस्तीत अक्षरं वाचणारे थोडे, पण शेळीचा कान प्रत्येकाला वाचता येतो. उजव्या कानाला दोन काप, डाव्याला एक खाच, ही शेखनाच्या तंबूची खूण. मातल्लाचा बाप त्या तंबूचा गुलाम, आजाही त्या तंबूचा. कायद्याने ते सगळं केव्हाच संपलं. म्हातारा शेखना वारला, त्याचा पुतण्या येहदीह शहरात दुकान टाकून बसला, आणि कळप मातल्लाकडे राहिला. मजुरी नाही. पावसाळ्यात दूध प्यायचं, मर्जी झाली तर वर्षाकाठी एखादं करडू. तेवढ्यावर मातल्लाने "माझ्या" हा शब्द उभा केला होता. त्या शब्दावरच त्याने झैनबूचं, आपल्या एकुलत्या एका लेकीचं, चांगल्या घरात लग्न लावून दिलं. व्याह्यांना कान पाहायची गरज वाटली नाही.

मग ते वर्ष आलं. गेल्या हंगामात पावसाने पाठ फिरवली होती. तळ्याच्या खोलगटात पेरलेली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन जळाली. उन्हाळा लागला तशा शेळ्या आटल्या, आणि मातल्लाच्या घरात दूधही नाही, दाणाही नाही अशी वेळ आली. त्यातच झैनबू पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. पोट पुढे आणि हात काड्यांसारखे. तिची आई मसऊदा ज्वारीची लापशी करायची. आधी ती घट्ट असायची, मग सैल झाली, मग भांड्याचा तळ दिसू लागला.

त्याच दिवसांत पेंदा आली. राजधानीतून, नुआकशोतहून, धान्य वाटणाऱ्या एका संस्थेची, नदीकाठची पोर. बोली आमचीच, फक्त सूर वेगळा. तिने सगळ्यांना मोठ्या झाडाखाली बसवलं. म्हणाली, धान्य सगळ्यांना पुरणार नाही, तेव्हा कुणाचं भागत नाही, कुणाचं कसंबसं भागतं आणि कोण खाऊनपिऊन सुखी, ते तुम्हीच सांगा. घरटी एक खडा. वाळूत तीन ढीग. पहिल्या ढिगातल्या घरांना नवं पीक येईपर्यंत धान्य.

"सुखी कुणाला म्हणायचं?" तिने विचारलं.

"त्यात काय विचारायचं?" मुखिया म्हणाला. "ज्याच्या दारात जनावर, तो सुखी."

सगळ्यांनी हो म्हटलं. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच माप आहे.

मातल्लाचा खडा उचलला गेला तेव्हा बिलखैर, आमचा सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात तोंडाळ माणूस, हात नाचवत म्हणाला, "याला कशाला विचारता? हा आमचा अमीर! धान्य संपलं तर पोरी, याच्याकडूनच उसनं घेऊन जा!"

हशा पिकला. मातल्लाही हसला. डोक्याचं मुंडासं नीट केलं आणि म्हणाला, "देवाची कृपा आहे." खडा तिसऱ्या ढिगात पडला. आमच्यातला एकही माणूस बोलला नाही. बोलणार काय? पाहुणीसमोर, भर सभेत, पन्नाशीच्या माणसाला म्हणायचं की बाबा, तू अजून त्यांचाच आहेस?

मसऊदा मात्र घरी बोलली. आमचा तंबू शेजारीच, कापडाच्या भिंतीला कान लावावे लागत नाहीत.

"झैनबूच्या बापा, चूल पेटलीय."

"मग?"

"मग ते तुझं नाक दे इकडे. शिजवते आणि पोरीला घालते. घरात दुसरं काही नाही."

"चार लोकांत काय सांगू? तिच्या सासरी कळलं म्हणजे?"

"सासरी काय कळायचं ते कळेल. तोवर बाळंतीण जगायला हवी ना?"

तो उठून वाडग्याकडे गेला. शेळ्यांच्या खुरांतले काटे काढत बसला. मन जागेवर नसलं की तो हेच करायचा.

दुसऱ्या दिवशी पेंदा घरोघर फिरू लागली. सभेत बोलणारे सगळे पुरुष आणि त्यातही ठरावीक, हे तिच्या ध्यानात आलं असावं. मातल्लाच्या तंबूत ती चटईवर बसली. समोर झैनबू आडवी. पेंदाने तिच्या दंडाकडे पाहिलं, मग बाहेरच्या कळपाकडे पाहिलं. दोन्हींचा मेळ तिला लागेना.

"काका, या शेळ्यांचं दूध कोण पितं?"

"ज्याला तहान लागेल तो."

"गेल्या वर्षी विकल्या काही?"

"वेळच आली नाही."

"आणि आज तुमच्याकडे पाहुणा आला, तर कुणालाही न विचारता कुठली कापाल?"

मसऊदा चहा एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात ओतत होती. तिची धार मध्येच थांबली. प्रश्न वरून साधा होता. पण मातल्लाच्या सबंध आयुष्याचं कुंपण जिथे विरळ होतं, नेमका तिथेच त्याने हात घातला होता. एक शब्द बोलला असता तर काम झालं असतं. तो उठला.

"पाहुणा कशाला यायला हवा? पाहुणी तर बसलीच आहे," म्हणाला, आणि सुरी घेऊन बाहेर गेला.

"काका, नको, मी तसं नव्हते म्हणत," पेंदा मागे धावली. आमच्याकडे असं धावण्याचा एकच अर्थ होतो, पाहुणा लाजतोय. मातल्लाने एक भाकड शेळी निवडली, तिचं तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला केलं, देवाचं नाव घेतलं.

त्या दिवशी सगळ्या वस्तीने मांस खाल्लं. झैनबूने कढण प्यालं, तिच्या गालांवर जरा रंग चढला. मसऊदाने ताटाला हात लावला नाही. बिलखैर हाड चोखत मला म्हणाला, "चव चांगली आहे रे, पण गळ्याखाली उतरताना खाच लागते." खाच म्हणजे कोणती, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

पेंदा अजून वस्तीतच होती, आसपासची घरं राहिली होती. दोन दिवसांनी, दुपारच्या नमाजानंतर, टेकडीवर धूळ उठली आणि येहदीहची गाडी उतरली. चारा संपला, कळप हलवायचा, म्हणून आला होता. गाडीतून उतरल्याबरोबर त्याला काट्यांवर वाळत घातलेलं कातडं दिसलं.

"ए पोरा!" तो ओरडला. मातल्ला त्याच्याहून मोठा, पण त्यांच्या तोंडी आम्ही म्हातारे होतच नाही. "ही कुणी कापली? कुणाला विचारून?"

पेंदा आमच्या तंबूच्या सावलीत बायकांबरोबर चहा घेत होती. ती उठून पुढे गेली. तिच्या गळ्यातलं ओळखपत्र दिसताच येहदीहने आपला निळा झगा खांद्यावर सारखा केला. चेहरा असा बदलला, जसं पाण्यावरचं ऊन हलतं. माणूस फुकट राबवणं आता गुन्हा आहे, हे शहरात राहून त्याला ठाऊक होतं.

"या कुणाच्या शेळ्या?" पेंदाने सरळ विचारलं.

"कुणाच्या म्हणजे? याच्याच." येहदीहने मातल्लाच्या खांद्यावर हात टाकला. "आम्ही भाऊ आहोत, ताई. याच्या आईचं दूध मी प्यालोय. विचारा हवं तर."

ते खरंच होतं. मातल्लाच्या आईने आधी येहदीहला पाजलं, मग उरेल ते मातल्लाला.

"म्हणजे कळप यांचा?"

"सगळ्यांसमोर सांगतोय. याचाच."

आम्ही गोळा झालो होतो. वारा पडला होता. जो शब्द मातल्लाने आयुष्यभर एकट्याने ओढला, तो आज मोठ्या तंबूचा माणूस, शहाण्यासुरत्यांच्या देखत, स्वतःच्या तोंडाने त्याच्या पदरात टाकत होता. गप्प राहिला तर तो जगाच्या तोंडी मालक होणार होता, आणि झैनबूच्या ताटात काहीच पडणार नव्हतं. मसऊदा तंबूच्या खांबाला धरून उभी होती. तिचं बोलून झालं होतं.

मातल्ला अगदी मऊ आवाजात, जणू घरातलीच गोष्ट काढावी तसा म्हणाला, "बरं झालं बोललात, सिदी." मालकाला आम्ही सिदीच म्हणतो. "मग यातल्या दोन उद्या बाजारात नेतो. पोरीचं बाळंतपण आलंय."

येहदीहचं हसू जागेवरच राहिलं, फक्त त्यातलं पाणी आटलं. "उद्या? सध्या भाव पडलेत, भावा. पावसानंतर बघू. आता विकू नकोस."

"एक तरी?"

"सांगितलं ना, नको म्हणून!"

मातल्ला पेंदाकडे वळला. "पाहिलंस, पोरी? माझ्या नाहीत." त्याने जवळची एक शेळी ओढली आणि तिचा कान हातात धरला. "ही खूण यांची. तू घरी आलीस त्या दिवशी जी कापली, तीही यांचीच. मी राखतो. माझा बापही राखायचा. माझं काय ते या तंबूत आहे, आत जाऊन बघ."

पेंदाने आमच्याकडे पाहिलं. "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"लेकी," बिलखैर म्हणाला, आणि या खेपेला त्याचे हात मांडीवरच होते, "कान आम्हालाही वाचता येतात. पण भर सभेत माणसाच्या अंगावरचं वस्त्र कोण ओढणार?"

येहदीहने त्याच दिवशी कळप नेला. माणसं घेऊनच आला होता. मातल्लानेच वाडगं उघडलं. शेळ्या सवयीने त्याच्या मागे लागल्या, म्हणून तो गाडीपर्यंत चालत गेला आणि मग एकदम बाजूला झाला, तेव्हा कुठे त्या पुढे गेल्या. येहदीह जाता जाता एवढंच म्हणाला, "दुधाला जागला नाहीस." मसऊदा तंबूतून म्हणाली, आणि ते सगळ्या वस्तीने ऐकलं: "कुणाच्या दुधाला, सिदी?"

मातल्लाचा खडा पहिल्या ढिगात गेला. धान्य आलं: ज्वारी, डाळ, तेल. झैनबूला मुलगी झाली, आई आणि मूल दोन्ही जगली. बारशाला व्याही आले. मातल्लाच्या दारात कापायला काही नव्हतं. मसऊदाने नुसतं कुसकुस, वाफवलेल्या कण्या, वाढलं, वर डाळ. व्याह्याने रिकाम्या वाडग्याकडे पाहत विचारलं, "कळप चरायला गेलाय?" मातल्ला म्हणाला, "गेला. आपला नव्हताच." व्याह्याने हात धुतले, यजमानाचा मान राखायला घ्यायचा चहाचा तिसरा पेला घेतला नाही आणि ऊन उतरायच्या आत निघून गेला. झैनबू अजून इथेच आहे. तिला न्यायला येतील असं मसऊदा म्हणते.

पण मला सांगायचं आहे ते पुढचं. कळप लांब गेलाच नव्हता. टेकडीपलीकडच्या वस्तीत सालेम नावाचा माणूस आहे, त्याचाही बाप त्याच तंबूचा गुलाम. येहदीहने शेळ्या त्याच्या दारात बांधल्या. त्या वस्तीत खडे मांडायला दुसरी मंडळी गेली होती. त्यांनी दारातली जनावरं पाहिली आणि सालेमचा खडा तिसऱ्या ढिगात टाकला.

हे कळल्यावर मातल्ला दिवसभर रिकाम्या वाडग्याच्या काठी बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाला, "चल." आम्ही टेकडी चढून गेलो.

सालेमची चार मुलं तंबूच्या सावलीत निजली होती. सकाळच्या वेळी मुलं निजलेली असली की घरात काय शिजत नाही ते कळतं.

"सांगून टाक," मातल्ला म्हणाला. "ती मंडळी अजून मोठ्या गावात आहेत. जा, शेळीचा कान दाखव आणि सांग, माझ्या नाहीत."

सालेमने चहाचं भांडं निखाऱ्यावर ठेवलं. "मग?"

"मग तुला धान्य मिळेल."

"किती दिवस?"

"नवं पीक येईपर्यंत."

"आणि त्यानंतर?" सालेम म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पाऊस पडला की या व्यातील. चार तोंडांना दूध होईल. येहदीहने बजावलंय, तोंड उघडलंस तर कळप दुसरीकडे. तुझी पोर एक, तीही मोठी. माझ्या पोरांना दुधाशिवाय दुसरं काय आहे? तू आता रिकामा झालास, मातल्ला. रिकाम्या माणसाला खरं बोलणं सोपं जातं."

मातल्लाने निखाऱ्यावरचं भांडं उतरवलं आणि पेल्यांत चहा ओतला.

चहा पिऊन आम्ही निघालो. थोडं पुढे गेलो तर मागे खुरांचा आवाज. काळी शेळी कळपातून सुटून त्याच्या मागे आली होती. तिच्या मागे आणखी दोन निघायच्या बेतात. सालेम दारात उभा राहून पाहत होता. हाक मारावी की नाही, त्याला सुचत नव्हतं.

मातल्ला वळला. काळीच्या मानेत हात घालून तिला परत वाडग्यापर्यंत घेऊन गेला, आत लोटलं आणि काटेरी फांदी आडवी लावली.

"हिच्या पुढच्या डाव्या खुरात काटा आहे," तो सालेमला म्हणाला. "आजच काढ. नाहीतर पिकेल, आणि भरपाई तुझ्याकडून घेतील."