आबांचा कान

आबांचं डोकं माझ्या मांडीवर आहे. निम्मं पाणी मिसळून कोमट केलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब मी त्यांच्या कानात सोडलेत आणि आत फसफस सुरू झालीय. तापलेली माती पाणी पिताना असाच आवाज करते. तो ऐकला की मी पुन्हा आमच्या खोडदच्या रानात उभी राहते.

मी नववीत होते, कांद्याला दारं धरत होते, एकेका वाफ्यात पाणी सोडत होते. दोन्ही कान मळानं गच्च बुजलेले. आबांना मात्र वाटायचं, पोरगी माजलीय. वाफा भरला म्हणून ते बांधावरून ओरडत होते. मी पाठमोरी; मला काही ऐकू आलं नाही. वाफा फुटला आणि कालच लावलेली रोपं गाळासकट वाहून गेली.

मग डाव्या कानावर त्यांचा चिखलाचा हात बसला. मी तोंडावर पाण्यात पडले. त्यांनी वेणीला धरून उठवलं आणि त्याच कानावर पुन्हा मारलं.

"अवो, तिला ऐकाय येत न्हाई," म्हणत आई मधे पडली, तर तिलाही ढकललं. माझ्या मानेवरून कोमट काहीतरी ओघळलं. मला वाटलं, पाणीच आहे. ओढणी लाल झाली.

फसफस थांबली तसे आबा माझ्या मांडीवरून उठून बसले. मी त्यांच्या कानाखालचा फेस पुसला.

"लई मोकळं वाटतंय. तूबी घाल की, तुला डावीकडनं कमी ऐकाय येतं."

"पडदा फाटलेल्या कानात हे घालत नाहीत, आबा."

मी हळूच बोलले होते. पण त्यांचा कान आता स्वच्छ होता.